रंभाचा घास

"हात वर कर की," भागुबाई म्हणाली, आणि कस्तुरानं मुकाट्यानं दोन्ही हात वर केले. सासूनं ट्रंकेतून काढलेली हिरवी खणाची चोळी तिच्या दंडांवरून सरकवली, पुढून ओढून गाठ मारली आणि दोन पावलं मागं होऊन बघितलं. चोळीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. खांद्यावर ती ढिली नव्हती, दंडाला आवळत नव्हती, पाठीवर एक चुणी पडली नव्हती.

"बसली," भागुबाई म्हणाली. मग आवाज खाली घेऊन, "कुठं सुई लावाया नको. तुझ्याच मापानं शिवल्यावानी."

"बसंल न्हाई तर काय हुईल? एका आईच्या लेकी आमी," कस्तुरा हसत म्हणाली.

भागुबाई हसली नाही. ट्रंकेचं झाकण न लावताच ती परसात निघून गेली.

चोळी रंभाची होती. रंभा म्हणजे कस्तुराची थोरली बहीण आणि ह्या घरची पहिली सून. सोळा वर्षांपूर्वी एका अवसेला ती पोटदुखीनं गेली, आणि वर्ष फिरायच्या आत केंदूरच्या माहेरानं तिच्या जागी धाकटी दिली. पहिली गेली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक सुतात ओवून गळ्यात बांधायचा, नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं मग अंगाला, आणि जेवताना पहिला घास त्याच्यापुढं ठेवायचा, ही मांडवगणातल्या त्या घराची रीत. टाक म्हणजे काय, पातळ पत्र्यावर ठोकलेली एवढीशी बाई, नाकडोळे असून नसल्यासारखे. कस्तुरानं ती रीत बिनतक्रार पाळली. जिवंत सवत उठता-बसता छळते, ही निदान बोलत तरी नाही, असं ती मनाशी म्हणायची.

रंभा शेलाटी होती. कस्तुराही लग्न होऊन आली तेव्हा काही जाड नव्हती, पण पुढं जी सुटली ती सुटलीच. ती चालली की माळवदाची माती गळते, असं लोक म्हणायचे; लोकांना काय, हसायला निमित्त लागतं. पोटी मूल नाही आणि पोट मात्र वाढतंय, असं शेजारची सरूबाई पाणवठ्यावर म्हणायची आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. तिचे यजमान आनंदराव सोसायटीचे चेअरमन झाले, त्या वर्षी शिरूरला कसल्याशा समारंभाला निघताना ती जीपमध्ये चढायला गेली आणि जीप एका अंगाला कलली. भर चौकात माणसं खदाखदा हसली. तेव्हापासून आनंदराव तिला कुठं बरोबर नेईनासे झाले, आणि घरातसुद्धा तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायला लागले. दम लागायचा, गुडघे धरायचे, ते सगळं ती सोसायची. हे मात्र तिला फार लागलं.

मग मुंबईत परदेशातून शिकून आलेला कुणी सर्जन जाड माणसांची आतडी आखूड करतो, असं आनंदरावांच्या कानावर आलं. आतडं तोडायचं, मधलं वेटोळं वाटेतून बाजूला काढायचं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. आणीबाणीचं साल ते. ऑपरेशन हा शब्द निघाला की गावातले बाप्ये उसात जाऊन दडायचे, आणि ही बाई आपल्या पायांनी ऑपरेशनला निघाली! मांडवगणाला कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. पण सर्जन म्हणाला होता तसंच झालं. जुलाबांनी जीव नकोसा झाला, केस गळाले, आणि कस्तुरा निम्मी उरली. सर्जन तोवर परदेशी परतसुद्धा गेला होता.

आनंदाची गोष्ट, दुसरं काय! कस्तुरालाही आनंद झाला. उंबऱ्यात न अडखळता ती आत-बाहेर करायला लागली, विहिरीवरून भरलेली घागर कमरेवर घेऊन यायला लागली. फक्त आरशात बघणं तिनं हळूहळू कमी केलं. गाल उतरले, हनुवटी उतरली, आणि त्यांच्या खालून कोण वर येतंय ते तिला दिसायला लागलं होतं. गळ्यातला टाकही जागेवरून हलला होता. मान भरलेली होती तेव्हा तो कंठाच्या खळीत चपखल बसायचा. आता सूत सैल पडून तो खाली उतरला होता, आणि वाकली की छातीच्या हाडावर वाजायचा.

ज्ञानदेव आबांनी तिला आधी हाक मारली. आबा म्हणजे आनंदरावांचे आंधळे चुलते. दिवसभर सोप्यात घोंगडीवर बसून असायचे आणि पावलांवरून माणूस ओळखायचे. पूर्वी कस्तुरा जवळून गेली की म्हणायचे, "दमानं गं पोरी, भुई हालती!" आणि दोघंही हसायची. त्या दिवशी ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली. आबांनी मान तिरकी करून पाऊल ऐकलं.

"कोन? रंभा?"

"मी कस्तुरा, आबा."

"चेष्टा करती व्हय म्हाताऱ्याची? कस्तुराचं पाऊल मला ठावं न्हाई?" त्यांनी तांब्या घेतला, चाचपून तिचं मनगट धरलं आणि समाधानानं मान हलवली. "लई दिसांनी आलीस. माहेरी बरी हायती का समदी?"

बरी हायत, म्हणून कस्तुरा आत आली, आणि चुलीतली लाकडं उगाच मागंपुढं करायला लागली.

त्या घरात दर अवसेला रंभाचं पान वाढायचे. रंभाला तळलेले कानवले आवडायचे, वर तुपाची धार. टाकापुढं ते पान ठेवायचं आणि नंतर गाईला घालायचं. चोळी बसली त्याच्या पुढच्या अवसेला कस्तुरा पान उचलायला वाकली, तर भागुबाईनं तिचा हात धरला.

"गाईला कशाला?" ती म्हणाली. "तूच खा."

"तिचं पान हाय ते, आत्या."

"व्हय. तिचंच हाय. बस."

सासूचा हात थंडगार होता. कस्तुरा बसली. ऑपरेशनपासून तिला घरात कुणी आग्रहानं वाढलं नव्हतं, आणि कानवले झाले होते फार चांगले. तिनं पानात काही ठेवलं नाही.

दुपार कलताना दुखायला लागलं. आधी बरगडीखाली उजव्या अंगाला नुसतं जड वाटलं, मग आत कुणीतरी मूठ घालून पिळावं तशी कळ आली आणि पाठीतून खांद्यापर्यंत चढली. श्वास घेता येईना. सोप्यातला मधला खांब जवळ होता. तिनं डाव्या हातानं तो कवटाळला, उजवा हात कुशीत दाबला आणि कपाळ लाकडाला टेकलं. मागं भांडं पडल्याचा आवाज आला. भागुबाई दारात उभी होती आणि तिच्या पायाशी ताक सांडलं होतं.

"अश्शीच," भागुबाई म्हणाली. "ह्याच खांबाला. अश्शीच उभी राहायची."

गोठ्याकडून आनंदराव आले. दाराशीच थबकले. कस्तुराला त्यांचे नुसते पाय दिसत होते. ते पाय सावकाश पुढं आले, तिच्याजवळ थांबले, आणि चेअरमनसाहेब धोतराची पर्वा न करता सांडलेल्या ताकात बसले.

"रंभे," ते म्हणाले.

त्यांनी तिचा हात हातात घेतला. कळ ओसरेपर्यंत घेऊन बसले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिचा हात असा कधी धरला नव्हता. त्यांचा तळवा मऊ आहे हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. कस्तुरा रडली, आणि ते दुखण्यापायी नव्हतं.

दोन-तीन अवसा अशा गेल्यावर गावात व्हायचं ते झालं. पान खाल्लं की दुपारी रंभा येते, खांबाला धरून उभी राहते, तेव्हा विचारलं तर सांगते. आधी सरूबाई आली. तिची नथ हरवली होती. वेदनेत कस्तुरा काहीतरी पुटपुटली, सरूबाईनं घरी जाऊन बाजरीची कणगी उपसली आणि तळाशी नथ सापडली! झालं. मग दर अवसेला सोपा बायकांनी भरायला लागला. जी पाणवठ्यावर पदर तोंडाला लावायची, तीच आता पाया पडायला यायची. आपण कणगीचं नाव घेतल्याचं कस्तुराला आठवत नव्हतं. तिनं सरूबाईला दोनदा विचारलं, की मी खरंच तसं म्हणाले का गं? सरूबाईनं नुसते हात जोडले.

मध्ये एकदा ती हट्टानं नवऱ्याबरोबर शिरूरला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं मुंबईच्या ऑपरेशनचं सगळं ऐकून घेतलं, बरगडीखाली बोटं रोवून श्वास घ्यायला लावला, आणि श्वास अर्ध्यात अडकला तसा तो सरळ झाला.

"पित्ताच्या पिशवीत खडे झालेत," तो म्हणाला. "अंग इतक्या झपाट्यानं उतरलं की होतात. त्यातून ही आतडी तोडलेली. घरात आणखी कुणाला असला त्रास होता?"

कस्तुरानं आनंदरावांकडे बघितलं. आनंदराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"तूप आणि तळण एकदम बंद. ते पोटात गेलं की पिशवी आवळते आणि कळ येते. पण खरा उपाय म्हणजे पिशवीच काढून टाकायची. दौंडला स्टेशनमागच्या दवाखान्यात चांगले सर्जन आहेत, मी चिठ्ठी देतो. अंगावर काढू नका. खडा वाटेत अडकला तर कावीळ होईल, मग हाताबाहेर जाईल."

परतताना एसटीत ती आशेनं बोलत राहिली. कधी जायचं, बरोबर कोण यायचं, गाईचं दूध कोण काढील. आनंदराव खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पिशवी काढून टाकायची म्हनतोय."

"व्हय."

"आन् ती त्यातच बसली असली तर?"

कस्तुरानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. हा माणूस चेष्टा करत नव्हता. शिकलेला, चारचौघांत भाषण करणारा माणूस.

तिनं नाद सोडला नाही. सुगी होऊ द्या, म्हणाले. सुगी झाली. मग सोसायटीच्या निवडणुका आल्या. मला दवाखान्यात न्या म्हणून कस्तुरानं घसा कोरडा केला. पण आता खोटं कशाला बोला, पुढच्या अवसेला पान समोर आलं तेव्हा तिनं ते सारलं नाही. तुपानं काय होणार हे तिला डॉक्टरनं सांगितलं होतं. तिनं समोर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. सकाळपासून ते घरीच होते, दाढी केली होती, धुवट सदरा घातला होता, आणि नवी नवरी यायची असावी तसे अधीर होऊन तिच्याकडे बघत होते. एरवी महिनाभर त्या घरात कस्तुराकडे कोण बघत होतं? तिनं टाकापुढं घास ठेवला आणि कानवला मोडला. दुपारी त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत कसल्या कसल्या जुन्या गोष्टी बोलत राहिले. वरवंडच्या बाजारातून आणलेल्या बांगड्या, मोटेवरचं गाणं. त्यातली एकही गोष्ट कस्तुराची नव्हती. तरी ती हं हं करत राहिली, आणि एकदा तर बांगड्यांचा रंग त्यांच्याआधी तिनंच सांगितला.

"जांभळ्या," ती म्हणाली.

आनंदराव डोळे पुसत हसले. कस्तुरा मात्र मनातून हादरली. हे आपल्याला कुणी सांगितलं होतं? लहानपणी रंभा माहेरी आली तेव्हा हातात असतील, आपण बघितल्या असतील, अशी तिनं मनाची समजूत घातली. नीट आठवून बघितलं. आठवलं नाही.

पुढची अवस यायच्या आधीच दुखणं आलं. ना कानवला, ना तूप, नुसत्या भाकरीवर आलं आणि गेलंच नाही. दोन दिवस ती ओकत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी भागुबाई तिचं तोंड पुसायला बसली आणि पुसता पुसता थांबली. हनुवटीला धरून तिनं सुनेचं तोंड उजेडाकडे वळवलं, पापणी खाली ओढली.

"हळद चढली गं," ती म्हणाली. म्हातारीचा चेहरा उजळला होता. "हळद चढली!"

कस्तुरानं आपले तळवे बघितले. नखांची मुळं, मनगटं, सगळं पिवळं होतं.

"तिलाबी अशीच चढली व्हती," भागुबाई मायेनं सांगायला लागली. "कुनी लावली न्हाई, काही न्हाई. आपली आपन. डोळं बी पिवळं. सोन्याची पुतळी दिसत व्हती बघ. साऱ्या गावानं बघितली."

"मग?" कस्तुरानं विचारलं.

"मग काय. दोन दिसांनी अवस व्हती. बोलावनं आलं तिला."

'घरात आणखी कुणाला?' हा डॉक्टरचा प्रश्न कस्तुराला आत्ता समजला. रंभाला काही लागलं नव्हतं, तिला कुणी बोलावलं नव्हतं. हाच खडा. हीच पिशवी. ह्याच खांबाला धरून ती ह्याच लोकांच्या देखत मेली, आणि ते सोन्याची पुतळी म्हणून बघत बसले. आणि आता तेच लोक तितक्याच मायेनं आपल्याभोवती बसले आहेत. आजची तिथी तिनं मनाशी मोजली. अवस दोन दिवसांवर होती.

तिनं आनंदरावांना बोलावून घेतलं.

"आवं, मी मरतीया. हात जोडती तुमाला. मला दौंडला न्या."

"उद्या बघू," आनंदराव म्हणाले. ते तिच्या पिवळ्या हाताकडे बघत होते. त्यांनी तो हात उचलून आपल्या गालाला लावला. "पड जरा. बोलू नगं."

दुपारपर्यंत बायका जमल्या. सोपा भरला. ज्ञानदेव आबांनाही कुणीतरी धरून पुढं आणून बसवलं. कस्तुराला खांबाशी टेकवून बसवलं होतं. कुणी ओटी भरत होतं, कुणी कुंकू लावत होतं. भागुबाईनं गर्दी गप्प केली आणि वाकून विचारलं, "रंभे, बाई गं, काय हवं तुला?"

इतके दिवस ह्या प्रश्नाला ती काहीबाही पुटपुटायची किंवा नुसती कण्हायची. ह्या वेळी कस्तुरानं डोळे उघडले. कस्तुराचं कुणी ऐकत नाही ना? ठीक आहे. तिनं पदर डोक्यावरून खाली पडू दिला, मान ताठ केली, आणि थोरल्या बहिणीची ती हलक्या आवाजात, शब्द तोडून बोलायची ढब आठवून आठवून बोलली.

"मला दौंडला न्या. आत्ताच्या आत्ता न्या. उद्या न्हाई."

ज्ञानदेव आबा मोठ्यानं रडायला लागले. "तिचाच आवाज! तिचाच हाय रं!"

पुढं कुणाला काही सांगावं लागलं नाही. इतके महिने कस्तुरा विनवत होती तेव्हा सवड नव्हती, आणि रंभाच्या एका बोलावर गाडी जुंपली, गाडीत गादी पडली, चार माणसं नदीवर होडी अडवून धरायला पळत गेली. सासूनं तिच्या कपाळावर पसाभर कुंकू लावलं. कस्तुरा गाडीत आडवी पडली आणि दुखण्यातसुद्धा तिला हसू आलं. मूर्ख आहेत सगळे, तिला वाटलं. आधीच सुचायला हवं होतं.

होडीत ती आणि आनंदराव, आणि पुढं वल्हं मारणारा नावाडी, एवढीच होती. भीमेचं पाणी संथ होतं. आनंदराव तिचं डोकं सावरून बसले होते. मधल्या धारेला होडी आली तेव्हा ते तिच्या कानाशी वाकले.

"तवाबी तू असंच म्हनली व्हतीस."

तिला वाटलं ते सकाळचं बोलताहेत.

"खांबाला टेकून. समदी बायामानसं बसली व्हती. 'मला दौंडला न्या. आत्ताच्या आत्ता न्या, उद्या न्हाई.' अक्षी ह्याच शब्दांत. मला सोळा वर्सं ऐकू येतंय ते." त्यांनी तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी म्हनलं, उद्या बघू. रंभे, आता उशीर न्हाई ना गं केला?"

ते शब्द कस्तुरानं जुळवले होते. सोप्यात बसून, आपल्या डोक्यानं, एकेक करून जुळवले होते. तिनं ते पुन्हा मनात म्हणून बघितले, आणि ह्या वेळी ते कुणाच्या आवाजात ऐकू येताहेत ते तिला कळेना.

दौंडच्या दवाखान्यात सर्जननं तिला तपासायला फार वेळ घेतला नाही. चिठ्ठी वाचली, डोळे बघितले, पोट दाबलं आणि आनंदरावांना जरा कडकच शब्दांत विचारलं की इतके दिवस काय करत होता. रात्रभर सलाईन आणि इंजेक्शनं दिली. उजाडताच पिशवी काढायची ठरली. संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही लागणार होती. नर्सनं तो कागद आनंदरावांच्या हातात दिला आणि ती टेबल लावायला आत निघून गेली.

आनंदराव कागद घेऊन खाटेशी आले. खिडकीबाहेर यार्डात इंजिन डबे ढकलत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग खाटेच्या कडेला बसले.

"एक इचारू?"

तिनं मान हलवली.

"पिशवी काढली की तू जाशील का गं, रंभे?"

कस्तुरानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातातल्या कागदावर सहीची जागा अजून मोकळी होती. मी कस्तुरा आहे, असं म्हणायला एक क्षण लागला असता. ते शब्द तिच्या जिभेवर आलेसुद्धा होते. पण तिला दिसलं की तसं म्हटलं तर हा माणूस रागावणार नाही, भांडणार नाही. तो फक्त कागदाची घडी घालील, गाडी सांगायला जाईल, आणि अवस उद्याच होती.

"न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई जायची."

"खरं?"

"तुमच्या गळ्याशपथ."

त्यांनी मोठा श्वास सोडला. कागद मांडीवर ठेवला, पेन उघडलं, आणि सही करता करता, एखाद्या सोयऱ्याची खुशाली विचारावी तसं विचारलं, "आन् कस्तुरा?"

बाहेर डब्याला डबा आदळला. खिडकीची काच जराशी वाजली.

"ती जाईल," ती म्हणाली.

आनंदरावांनी मान हलवली आणि सहीखाली रेघ ओढली.

तोंडावर रबरी मुखवटा आला तेव्हा गोडसर वास आला. कुणीतरी आकडे मोजायला सांगितलं. तिनं मोजायला सुरुवात केली. पुढं किती मोजले ते तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा आधी तहान कळली, मग पोटावरची पट्टी. बरगडीखालची ती कळ नव्हती. टाके दुखत होते, पण ते दुखणं वेगळं होतं, बाहेरचं होतं. आपण जगलो, एवढं तिला समजलं आणि फार बरं वाटलं. आनंदराव खाटेच्या दांडीला धरून उभे होते आणि डोळ्याचं पातं न लवू देता तिच्या तोंडाकडे बघत होते.

नर्स खाटेच्या पायाशी आली. शिरूरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर जे नाव होतं तेच तिनं घेतलं.

"कस्तुराबाई! कस्तुराबाई, ऐकू येतंय का? ओ द्या बघू."

ती ऐकत होती. कुणी ओ देईना.

"अहो कस्तुराबाई!"

बिचारी गाढ झोपेत असेल, तिला वाटलं. जवळपासच असणार, नर्स इतक्या हळू बोलते आहे. तिनं मोठ्या कष्टानं मान वळवली आणि शेजारच्या खाटेवर कोण आहे ते बघितलं. तिथं नुसती घडी घातलेली चादर होती.